फुटली की फोडलीस?

स्मरणिकेसाठी लेख मागणारा फोन आला की दरवर्षी मी एखादे प्रवासवर्णन देऊन सुटका करून घेतो. (माझ्या आइसलँडच्या लेखाला संपादकांनी अर्धे पान कात्री लावली होती, ते मी अजून विसरलेलो नाही!) या वर्षी मात्र एक प्रश्न मांडायचा आहे. प्रश्न डॉक्टरांविषयी आहे. मी डॉक्टर नाही. २००३ साली लीड्सला एम.एस्सी. करायला आलो, इथेच राहिलो, आणि गेली बरीच वर्षे हॉस्पिटलांच्या संगणकप्रणालींचे काम करतो. आपल्या मंडळात डॉक्टर मंडळी भरपूर आहेत, तेव्हा चुकले तर कान धरायला माणसे जवळच आहेत.

गोष्ट २०१८ सालच्या संक्रांतीची. आपली संक्रांत पंचांगाप्रमाणे नसते, हॉल मिळेल तेव्हा असते, हे वाचकांना सांगायला नको. त्या वर्षी रथसप्तमीही उलटून गेल्यावर फेब्रुवारीतला एक शनिवार मिळाला. हळदीकुंकू सुरू झाले आणि गुळपोळ्या गरम करण्याच्या निमित्ताने आम्ही पाचसहा जण किचनमध्ये जमलो. विषय निघाला तो डॉ. हदिझा बावा-गर्बा यांचा. आदल्याच आठवड्यात, २५ जानेवारीला, हायकोर्टाने त्यांचे नाव डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढून टाकायचा निर्णय दिला होता.

"एवढंसं मूल गेलं. मग डॉक्टरला काढलं यात काय चुकलं?" आमच्यातला एक जण म्हणाला.

आमचे डॉक्टरकाका काही बोलले नाहीत. पुण्याच्या बी.जे. मेडिकलमधून शिकून १९७१ साली इकडे आलेला हा माणूस एरवी कुठल्याही विषयावर पाऊण तास बोलू शकतो. बोलली ती त्यांची मुलगी. ती तेव्हा लहान मुलांच्या विभागात रजिस्ट्रार होती. सिंकपाशी पातेले घासता घासता मागे न वळताच तिने विचारले, "त्या दिवशी हॉस्पिटलचा कॉम्प्युटर बंद होता, हे कुणी वाचलंय का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. "घ्या, तुमचं खातं!" कुणीतरी म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. पण ते हसू माझ्या घशात अडकले, त्याचे कारण पुढे येईल.

प्रकरण थोडक्यात असे. १८ फेब्रुवारी २०११. लेस्टरचे मोठे हॉस्पिटल. सहा वर्षांचा एक मुलगा उलट्या, जुलाब आणि धाप लागल्यामुळे दाखल झाला. त्याला जन्मजात डाउन सिंड्रोम होता आणि हृदयाचे औषधही चालू होते. डॉ. बावा-गर्बा बाळंतपणाच्या रजेवरून, जवळजवळ चौदा महिन्यांनी, नुकत्याच कामावर परतल्या होत्या. एक सहकारी गैरहजर, वरिष्ठ कन्सल्टंट दुसऱ्या गावी शिकवायला गेलेले, परिचारिका अपुऱ्या. त्यात संगणक बंद. सकाळी पावणेअकराच्या सुमारास पाठवलेल्या रक्तचाचण्यांचे निकाल हाती आले ते दुपारी चार वाजून गेल्यावर. धोक्याचे आकडे आपोआप ठळक करून दाखवायची सोयही त्या दिवशी चालत नव्हती. मुलाला सेप्सिस झाला होता, तो वेळेत ओळखला गेला नाही. रात्री तो गेला.

चुका झाल्या यात शंका नाही. मूल थोडे बरे दिसते आहे म्हणून डॉक्टर गाफील राहिल्या. सुरुवातीच्या चाचणीतच धोक्याची खूण होती, तिचे गांभीर्य ओळखले नाही. कन्सल्टंट साडेचारला आले तेव्हा 'तुम्ही या मुलाला येऊन बघा' असे म्हटले नाही. (कन्सल्टंटांनी आकडे ऐकून वहीत उतरवून घेतले आणि मुलाला पाहिले नाही, हेही नोंदीत आहे.) नोव्हेंबर २०१५ मध्ये ज्यूरीने घोर निष्काळजीपणातून मनुष्यवध झाल्याबद्दल त्यांना दोषी ठरवले. दोन वर्षांची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली. पुढे २०१७ मध्ये मँचेस्टरच्या न्यायाधिकरणाने त्यांना बारा महिने निलंबित केले. तेवढे पुरेसे नाही म्हणून जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे जी.एम.सी., स्वतःच वरच्या कोर्टात गेली. त्याचा निकाल म्हणजे आमच्या गुळपोळ्यांच्या वेळचा निकाल.

आता ही जी.एम.सी. म्हणजे काय, ते बिगर-डॉक्टर वाचकांसाठी सांगतो. १८५८ च्या कायद्याने ती स्थापन झाली. त्या आधी या देशात शिकलेला वैद्य आणि बाजारातला भोंदू यांतला फरक सामान्य माणसाला कळणे अवघड होते. तो कळावा म्हणून एक यादी करायची, यादीत नाव असेल तो डॉक्टर, एवढी साधी कल्पना. यादी आली की यादीतून नाव काढण्याचा अधिकारही आला. आज ती यादी कुणालाही फुकट पाहता येते. डॉक्टरवर अटी घातल्या असतील किंवा त्याला निलंबित केले असेल तर तेही तिथे दिसते. नाव खोडले गेले तर पुन्हा अर्ज करायला पाच वर्षे थांबावे लागते.

माझ्या पिढीला जी.एम.सी. कडक वाटते. डॉक्टरकाकांच्या पिढीला ती आपल्याच लोकांचा क्लब वाटत असे, आणि त्याला कारणही होते. हाइड गावचा डॉ. हॅरॉल्ड शिपमन. १९७६ मध्ये खोटी प्रिस्क्रिप्शने लिहून पेथिडीन मिळवल्याबद्दल त्याला कोर्टाने दोषी ठरवले होते, तेव्हा जी.एम.सी.ने ताकीद देऊन सोडून दिले. पुढे जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि नंतरच्या चौकशीत मारलेल्या रुग्णांची संख्या निघाली २१५. चौकशी करणाऱ्या न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांनी २००४ च्या अहवालात जी.एम.सी.वर कडक टीका केली. रुग्णांपेक्षा डॉक्टरांचे हित जपण्याकडे तिचा कल आहे, असा त्याचा रोख होता. त्यानंतर बरेच बदलले. आरोप सिद्ध करण्याची फौजदारी खटल्यासारखी कसोटी २००८ मध्ये सैल झाली, निवाडा करणारे न्यायाधिकरण २०१२ मध्ये वेगळे झाले, आणि दर पाच वर्षांनी डॉक्टरची फेरतपासणी सुरू झाली. म्हणजे एका राक्षसाला पकडता आले नाही म्हणून जाळे बारीक विणले, आणि बारीक जाळ्यात सापडली एक थकलेली रजिस्ट्रार. असे मला त्या दिवशी वाटले. आता तितक्या सहज वाटत नाही.

कारण त्या मुलाला आईवडील होते. त्यांच्या बाजूने विचार करून पाहा. तुमचे मूल सकाळी हॉस्पिटलात नेले आणि रात्री ते नाही. कुणीतरी समजूतदार चेहऱ्याने सांगते, "व्यवस्थेचे अपयश झाले." व्यवस्थेला चेहरा नसतो. तिच्याकडे बघून रागावता येत नाही आणि तिला क्षमाही करता येत नाही. डॉक्टरांना परत काम करू देऊ नये अशी त्या आईवडिलांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. ती सूडबुद्धी आहे असे म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

दाद मागायची जागाच नाही असे लोकांना वाटू लागले की काय होते ते आपल्याकडे पाहायला मिळते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. महाराष्ट्रभरचे निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा राज्यात २०१० पासून होता. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलही होतीच. पण आपली तक्रार तिथे ऐकली जाईल असा विश्वास किती जणांना होता? विश्वास नसला की निकाल वॉर्डातच लागतो, हातानेच लागतो. त्यामुळे 'सरकारने डॉक्टरांच्या कामात पडू नये' हे काही डॉक्टर मित्रांचे म्हणणे मला पटत नाही.

आता माझी गोष्ट.

२०१४ सालचा एक शनिवार. एका हॉस्पिटलात, कुठल्या ते सांगत नाही, आम्ही रात्री प्रणाली बदलत होतो. प्रयोगशाळेतल्या यंत्रांकडून निघालेले निकाल वॉर्डातल्या स्क्रीनवर पोचवणारा जो दुवा असतो, तो माझ्याकडे होता. निकाल अडकले तर ऑन-कॉल माणसाला मोबाईलवर मेसेज जायची सोय त्यात होती. चाचणी करताना ते मेसेज दर मिनिटाला येऊ लागले, म्हणून मी ती सोय बंद केली. काम झाल्यावर ती चालू करायला विसरलो आणि साडेअकराला हॉटेलवर जाऊन झोपलो. पावणेबाराला रांग अडकली. स्क्रीनवर कुठेही लाल अक्षर नाही, नुसते 'पेंडिंग'. पहाटे साडेचारला एका नर्सने हेल्पडेस्कला फोन केला, की तीन वॉर्डांत रात्रभर एकही निकाल आलेला नाही. मला उठवले गेले. दहा मिनिटांत रांग मोकळी झाली आणि सगळे निकाल धडाधड पोचले.

हॉस्पिटलने त्या रात्रीच्या रुग्णांचे कागद तपासले. काही निकाल फोनवरून मागवले गेले होते, काही उशिरा पाहिले गेले, कुणाला गंभीर इजा झाल्याचे आढळले नाही. आठवड्याने मी अहवाल लिहिला. आमच्या व्यवसायात एक पद्धत आहे, आणि ती चांगली पद्धत आहे, की चुकीच्या अहवालात कुणाला दोष द्यायचा नाही, कारण शोधायचे. मी लिहिले, 'बदलाच्या कालावधीत इशारा-यंत्रणा निष्क्रिय राहिली.' मॅनेजरने अहवालाचे कौतुक केले. मीटिंग वीस मिनिटांत संपली.

निष्क्रिय राहिली! जणू तिला त्या दिवशी बरे नव्हते.

मी नाशिकचा. लहानपणी घरात वर्षाचे लोणचे चिनी मातीच्या बरणीत असायचे. एकदा माझ्या हातून ती बरणी गेली. आई आतून ओरडली, "काय झालं?" मी म्हटले, "बरणी फुटली." ती दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "फुटली की फोडलीस?" आपल्या भाषेतला हा केवढा बारीक फरक आहे! 'फुटली' म्हटले की त्यात मी नाही. 'फोडली' म्हटले की मी आलो. मी रडत म्हटले, "फोडली." एक धपाटा बसला. मग तिने मला पलंगावर उभे केले, पायात तुकडा जाऊ नये म्हणून, आणि स्वतः तुकडे वेचायला बसली. धाकट्या भावाने मात्र एकदा 'फुटली'चा हेका धरला. त्याला धपाटा बसला नाही, पण संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने तोच प्रश्न त्याच्यामागे लागला.

आमच्या घरी 'फोडली' म्हणण्याची किंमत एक धपाटा होती. घराबाहेर काढणे ही नव्हती. म्हणून तर ते म्हणता आले.

बावा-गर्बा प्रकरणातून डॉक्टरांत जी भीती पसरली, ती नेमकी इथली आहे. इथल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांनी आपल्या चुकांवर चिंतन लिहून ठेवावे असा दंडक आहे. डॉ. बावा-गर्बा यांचे असे लिखाण त्यांच्याच विरुद्ध कोर्टात वापरले गेले, अशी बातमी पसरली. ते लिखाण ज्यूरीपुढे पुरावा म्हणून नव्हते असा खुलासा त्यांच्या बाजूच्या संस्थेने केला. पण भीती खुलाशाने जात नाही. डॉक्टरकाकांची मुलगी त्या दिवशी म्हणाली, "पूर्वी मी लिहायचे, 'मला हे लक्षात आलं नाही.' आता लिहिते, 'हे लक्षात येणं आव्हानात्मक होतं.'" म्हणजे तीसुद्धा 'फुटली' म्हणायला शिकली होती. कायद्याने तर इथे २००६ पासून सांगून ठेवले आहे की नुसती क्षमा मागणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे. आणि २०१४ पासून एन.एच.एस.च्या हॉस्पिटलांवर रुग्णाला झालेली गंभीर इजा त्याला उघडपणे सांगायचे बंधनही आहे. पण समोर नाव खोडायची लेखणी दिसत असेल तर सांगणाऱ्याची वाक्ये आपोआप कर्मणी प्रयोगात जातात.

शिवाय ती लेखणी सगळ्यांवर सारखी उगारली जाते असेही नाही. जी.एम.सी.नेच करवून घेतलेल्या २०१९ च्या अभ्यासात दिसले, की हॉस्पिटलांकडून तक्रारीसाठी पुढे पाठवले जाण्याचे प्रमाण गोऱ्या डॉक्टरांपेक्षा इतर वर्णांच्या डॉक्टरांत दुप्पट आहे, आणि परदेशात शिकून आलेल्यांत इथे शिकलेल्यांच्या अडीचपट. डॉक्टरकाका त्या दिवशी का गप्प होते, ते मला हा अहवाल वाचल्यावर थोडेफार कळले.

अपील कोर्टाने १३ ऑगस्ट २०१८ रोजी हायकोर्टाचा निर्णय फिरवला आणि निलंबनाचाच निर्णय कायम केला. त्यासाठी डॉक्टरांनी वर्गणी काढून तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली होती. मला त्या निकालातला विचार मोलाचा वाटतो. ज्यूरीचा प्रश्न मागे पाहणारा आहे: त्या दिवशी जे घडले तो गुन्हा होता का? न्यायाधिकरणाचा प्रश्न पुढे पाहणारा आहे: या व्यक्तीच्या हाती उद्याचा रुग्ण द्यावा का, आणि दिला तर लोकांचा विश्वास टिकेल का? पहिल्याचे उत्तर 'हो' आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप 'नाही' होत नाही. पुढे २०१९ मध्ये त्यांना अटी घालून कामावर परतायची परवानगी मिळाली. मला विचाराल तर शिस्त असावी ती अशी. धपाटा असावा, उघड असावा, सर्वांसमोर असावा. पण तुकडे वेचायला त्याच माणसाला सोबत घेता यावे.

आणि आमचे काय? जी.एम.सी.सारखे रजिस्टर डॉक्टरांचे आहे, नर्सचे आहे, फार्मासिस्टचे आहे. माझे नाव अशा कुठल्याही यादीत नाही, त्यामुळे खोडायचा प्रश्नच येत नाही. संगणक व्यावसायिकांची संस्था इथे आहे, पण सदस्य नसलात तरी काम करायला कुणी अडवत नाही. गंमत म्हणजे हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेवर सही करणारा अधिकारी असतो, आणि नियमाप्रमाणे तोही डॉक्टर-नर्ससारखा नोंदणीकृत आरोग्य-व्यावसायिक असावा लागतो. म्हणजे आमच्या प्रोग्रॅमसाठीसुद्धा जामीन राहणार ते रजिस्टरवाले! पोस्टाच्या होरायझन प्रणालीपायी नऊशेहून अधिक पोस्टमास्तर गुन्हेगार ठरले. 'संगणक सांगतो पैसे कमी आहेत' एवढे पुरले. त्यांच्या शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये कायदा करावा लागला. लेस्टरच्या त्या दिवसाबद्दल डॉक्टर आणि नर्स कटघऱ्यात उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडे संगणक होता त्यांनी बहुधा एक तिकीट बंद केले असेल. मीही तेच केले असते. मी तेच केले होते.

'दोष देऊ नये' ही आमची पद्धत चांगली आहे असे मी वर म्हटले, ते मागे घेत नाही. तिच्यामुळे प्रणाली सुधारतात. पण दोष न देणे वेगळे आणि कर्ता न सांगणे वेगळे. २०२१ मध्ये दुसऱ्या एका कामाच्या अहवालात मी धीर करून लिहिले, 'मी ही तपासणी वगळली.' चार शब्दांचे वाक्य लिहायला मला एक संध्याकाळ लागली. मसुदा तपासून परत आला तेव्हा ते वाक्य होते, 'ही तपासणी वगळली गेली.' शेजारी शेरा होता: वैयक्तिक उल्लेख टाळावा.

या वर्षीच्या गणपतीत, आरतीआधीच्या गडबडीत, मी २०१४ ची ती रात्र डॉक्टरकाकांच्या मुलीला सांगितली. ती आता स्वतः कन्सल्टंट आहे. मोदकांचे ताट हातात धरून तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मला वाटले, ती म्हणेल, 'असू दे काका, कुणाला काही झालं नाही ना.' तसे ती म्हणाली नाही. तिने विचारले, "त्या रात्री त्या वॉर्डांवर कोण होतं?"

मला ठाऊक नव्हते. एवढ्या वर्षांत मी कुणाला विचारलेही नव्हते.

"जी कुणी होती, तिने सकाळी इन्सिडेंट फॉर्म भरला असणार," ती म्हणाली. "निकाल का पाहिले नाहीत, असं त्यात विचारतात. नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर घालावा लागतो." मग तिने विचारले, "तुमच्या रिपोर्टात तुमचं नाव कुठे होतं?"

"दुसऱ्या पानावर, तळाशी," मी म्हटले. "आद्याक्षरं. डॉक्युमेंट तयार करणारा म्हणून."

आत टाळ वाजायला लागले होते. डॉक्टरकाकांनी तिला हाक मारली आणि ती ताट घेऊन आत गेली.